तारखेनं लावलेली कार्डं

रेजाननं कागदाचा तो गठ्ठा माझ्या टेबलावर आणून आदळला तेव्हा मी टोस्ट खात होते, आणि पहिलं मनात आलं ते एवढंच, की कागदांना लोणी लागेल. लांबच्या लांब, एकमेकांना जोडलेले, कडेला भोकं असलेले कागद. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत वसंतात संगणकाचं मशीन आलं आणि रेजान, जी वीस वर्षं नुसती टायपिस्ट होती, ती मशीनवाली झाली. चालायलासुद्धा तशीच लागली. "तुझं अख्खं क्रियापद आहे यात," ती म्हणाली. "आठशे बारा कार्डं. डोळे फुटले माझे." मी वरचं पान बघितलं आणि म्हटलं, अगं, पण हे अर्थानं लावलेलं नाही. "मशीनला अर्थ कळत नाहीत, ओदेत. तारखा कळतात. तारखेनं लावलंय. अर्थाचं त्याला पुढच्या आठवड्यात शिकवू." असं म्हणून ती गेली. मी बोटं पुसली आणि नुसतं चाळायचं म्हणून चाळायला लागले. ऑगस्टमधली सकाळ होती, खिडक्या उघड्या होत्या, खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. हे सगळं मला इतकं स्वच्छ आठवतं, की वाटतं, त्या दहा मिनिटांआधी मी एक बाई होते आणि नंतर दुसरी. हे जरा नाटकी झालं. पण दुसरं काय म्हणू ते सुचत नाही, आणि न सुचणं हा माझ्या धंद्यात गुन्हा आहे.

दोन वर्षं मी आणि वेंडेल त्या एका शब्दावर बसलो होतो. इंग्रजीतलं 'टेक'. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. माझी बहीण तर दर नाताळात विचारते, "अजून टेकच का गं? यंदा तरी पुढं सरकलीस?" तिला काय सांगणार. इंग्रज माणूस या एका शब्दात औषध घेतो, मुलाला शाळेत नेतो, कोट काढतो, फोटोही काढतो, बस पकडतो, अपमान सोसतो, थट्टा मनाला लावून घेतो, आणि वेळ लागतो तोही त्याला याच शब्दानं लागतो. फ्रेंचमध्ये प्रत्येकाला वेगळं दार. आमच्याकडे माणसाला नेणं वेगळं आणि वस्तू नेणं वेगळं. शिवाय तू की तुम्ही हे ठरल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. वेंडेल प्रिंगल इंग्रजीकडचा, मी फ्रेंचकडची. तो अर्थाचे तुकडे पाडायचा आणि मी एकेका तुकड्याला आमच्या भाषेत जागा शोधायचे. त्र्याहत्तर अर्थ निघाले, म्हणून लाकडी खणात त्र्याहत्तर कप्पे. नियम एकच, आणि तो कडक: मनानं रचलेलं वाक्य चालणार नाही. कुणीतरी खरोखर लिहिलेलं नाहीतर बोललेलं पाहिजे. कार्डाच्या मागे तारीख, कुठं ऐकलं, कोण कोणाला म्हणालं, स्वर कसा होता. छापलेली वाक्यं ढिगानं मिळतात. बोललेली मिळत नाहीत, कारण तुम्ही कान टवकारलेत की लोक नीट बोलायला लागतात. थोरले संपादक दर सोमवारी डोकं खायचे, बोलण्यातली आणा, बोलण्यातली आणा. आणि मला तर घरातच भिंत होती.

शहरातल्या व्हेर्दां वस्तीत मी राहते ती तिमजली घरं जुनी आहेत, दोन बिऱ्हाडांत एक भिंत, आणि ती भिंत बांधणाऱ्यानं बहुतेक पिठाची केली असावी. पलीकडे मागच्या वर्षी एक इंग्रजी बोलणारं कुटुंब आलं. नवरा, बायको, पाचएक वर्षांची मुलगी. सुरुवातीला मला त्यांचा त्रासच वाटायचा. मग एका शनिवारी सकाळी मी अंडं उकडत होते आणि भिंतीपलीकडून तो शब्द आला. इतका ताजा, इतका सहज, की मी अंडं तसंच ठेवून कार्ड शोधायला धावले. त्या दिवसापासून माझी खुर्ची त्या भिंतीशी गेली. बारा महिने कार्डं आणि पेन्सिल तिथंच. कधी नळ वाहायचा आणि वाक्य अर्धं बुडायचं, तेव्हा मी कान गिलाव्याला लावायचे. थंडीत तो गिलावा इतका गार असायचा की कान दुखायचा. मी हे सांगते आहे कारण त्या काळात मी सुखी होते. खोटं कशाला बोलू. सोमवारी मी कचेरीत एकदोन कार्डं घेऊन जायचे आणि वेंडेल म्हणायचा, "काय गं, कुठून आणतेस हे? मी जन्माचा इंग्रज, मला मिळत नाहीत." आणि मी म्हणायचे, तुझे शेजारी फार सभ्य आहेत.

कार्ड लिहिलं की ते त्याच्या अर्थाच्या कप्प्यात जायचं. एक सोळा नंबरात, एक एकेचाळीसमध्ये, एक अगदी शेवटच्या खणात, खिडकीजवळच्या. दोन कार्डं लागून लिहिलेली असली तरी पुन्हा कधी एकमेकांशेजारी येत नसत. कोश असाच होतो. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

आता ती एकाखाली एक होती. मधे मधे वर्तमानपत्रातली वाक्यं, संसदेतली भाषणं, कुठल्याशा शेतकी पुस्तकातलं एक, आणि त्यांच्या मधून माझी भिंत. अकरा जानेवारी, पुरुष, बायकोला, स्वर शांत: कोट काढ, कुठं चाललीस. चोवीस जानेवारी, पुरुष, शांत: दूध आणायला इतका वेळ लागतो का. नऊ फेब्रुवारी, पुरुष, शांत: तिला घेऊन तू कुठंही जाणार नाहीस. हे नऊ फेब्रुवारीचं कार्ड मला चांगलं आठवत होतं. वेंडेलनं विचारलं होतं, 'तिला' म्हणजे माणूस की मांजर, कारण तुमच्याकडे फरक पडतो ना? मी म्हटलं, मुलगी. "मग सोपं आहे," तो म्हणाला, आणि सोपंच होतं. दोन मार्च, बाई, नवऱ्याला, स्वर हळू: मला आता सोसत नाही. त्याच दिवशी, पुरुष, शांत: बघू या किती सोसतं. या दोघांवर मी आख्खा आठवडा घालवला होता. आमच्याकडे सोसण्याला दोन चांगले शब्द आहेत. एक घरातला आणि एक मुष्टियुद्धाच्या आखाड्यातला, म्हणजे ठोसे खाऊन उभं राहणं. बाईसाठी मी घरातला घेतला आणि त्याच्यासाठी आखाड्यातला. थोरल्या संपादकांनी समासात 'उत्तम' लिहिलं. तो कागद मी घरी नेला होता, आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला होता.

टोस्ट थंड झाला होता. मी पान उलटलं. एप्रिल, पुरुष, शांत: टेलिफोन मी काढून नेतोय, तुला कुणाशी बोलायचंय. मे, पुरुष, शांत: गोळ्या घे, माझ्यासमोर घे. हे फार सोपं कार्ड होतं, औषध घेणं दोन्ही भाषांत सारखंच, आणि अशी आमच्याकडे बावीस आधीच होती, म्हणून मी जराशी नाराजच झाले होते त्या दिवशी. सहा जून, पुरुष, शांत: एक दिवस मी तिला नेईन आणि तू बघत बसशील. शांत, शांत, शांत. माझंच अक्षर मशीननं सरळ करून टाकलं होतं, आणि त्या सरळ अक्षरात तो शब्द पानभर खाली खाली उतरत होता. आरडाओरडा असता तर मी केव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं, असं मी मला सांगितलं. आरडाओरड्याला आपण घाबरतो. तो कधी ओरडला नाही. भांडं आपटल्याचा आवाज कधी आला नाही. मी घाबरले ती आता, इतक्या महिन्यांनी, कचेरीत, उजेडात.

आणि मग तेवीस जूनचं कार्ड. त्यात 'कुठं ऐकलं' या जागी भिंत नव्हती, मागची बाल्कनी होती. बाई. कोणाला, या जागी मी लिहिलं होतं: मला. स्वर: घाईचा. सेंट जॉनच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाची दुपार होती, मी दोरीवर चादरी घालत होते, दोरीचं चाक करकरत होतं, आणि ती तिच्या बाल्कनीत आली. आम्ही तोवर कधी बोललो नव्हतो, डोकं हलवण्यापलीकडे. जवळून बघितली तर माझ्या धाकट्या बहिणीहून लहान. हातात कपड्यांची टोपली होती पण टोपलीत काही नव्हतं, हे मी तेव्हाही बघितलं. ती इंग्रजीतच म्हणाली, शनिवारी मुलीला तासभर ठेवाल का तुमच्याकडे? नुसता एक तास. आणि त्या वाक्यात तो शब्द होता. मूल सांभाळायला घेणं, चौपन्न नंबरचा कप्पा, ज्यात आमच्याकडे एकही बोललेलं वाक्य नव्हतं. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे नव्हतं, तोंडातून आलेल्या शब्दाकडे होतं. मी म्हटलं, नेमकी शनिवारी मी बहिणीकडे जोलिएतला जाते आहे, माफ करा. ती म्हणाली, बरं, काही नाही, सहज विचारलं. मी चादरी अर्ध्या सोडून आत आले आणि लिहून काढलं, विसरायला नको म्हणून.

जोलिएत वगैरे काही नव्हतं. मुलं मला जमत नाहीत, एवढंच. शिवाय शनिवार हा माझा भिंतीचा दिवस. पण थाप मारल्यामुळे झालं काय, की त्या शनिवारी मला स्वतःच्याच घरात चोरासारखं बसावं लागलं. रेडिओ नाही, नळ नाही, पायात मोजे घालून चालणं, खुर्चीसुद्धा उचलून सरकवणं, की त्यांना कळायला नको मी घरीच आहे. म्हणूनच त्या दिवशी मला इतकं स्पष्ट ऐकू आलं. सत्तावीस जून, सकाळी सव्वादहा, पुरुष, स्वर शांत: फार वेळ लागणार नाही.

मशीनच्या यादीत त्याच्यापुढे भिंत नव्हती. त्याच्यापुढे शेतकी पुस्तक होतं, पेंढा सुकायला किती दिवस लागतात ते.

त्यानंतर त्या दिवशी मी काय ऐकलं हे आठवायचा मी किती प्रयत्न केला, टेबलाशी बसून. नळ वाहत होता. बराच वेळ वाहत होता. त्यात तो शब्द नव्हता, म्हणून मी काही लिहिलं नाही, आणि जे लिहिलं नाही ते माझ्या डोक्यात राहिलेलंच नाही. वर्षभर मी त्या घराला चाळणी लावली होती, आणि चाळणीखालचं सगळं वाहून गेलं. मुलगी कधी गाणी म्हणायची का, बाई कधी हसायची का, मला काही म्हणजे काही सांगता येणार नाही.

चार दिवसांनी एक जुलै. एक जुलैला या शहरात अर्धे लोक घर बदलतात, सगळ्यांचे करार एकाच दिवशी संपतात, रस्ताभर ट्रक, गाद्या, फ्रीज, कुणाचं काय कुणाच्या ट्रकमध्ये जातंय याचा पत्ता नसतो. मी कॉफी घेऊन पुढच्या जिन्यावर उभी होते. पलीकडचा माणूस दोन मित्रांबरोबर घरातलं सामान खाली आणून ट्रकमध्ये चढवत होता. पलंग, खोकी, एक छोटी लाल सायकल. तो घामाघूम झाला होता आणि माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, काळजी घ्या हं. त्यातही तो शब्द होता, पण त्या अर्थाची आमच्याकडे अकरा होती. बायको आणि मुलगी दिसल्या नाहीत. मला वाटलं, पुढं गेल्या असतील नवं घर धुवायला, बायका जातात तशा. खरंच असं वाटलं का मला? की आज ते वाटून घेते आहे? त्या दिवशी मला इतकंच वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगीन, की आता माझी शनिवारची कार्डं बंद होणार. आता तिथं एक विद्यार्थी आला आहे, तो पियानो वाजवतो. वाईट वाजवतो.

मी गठ्ठा उचलला आणि वेंडेलच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझी त्याची तेरा वर्षांची ओळख. तो चांगला माणूस आहे, डब्यात रोज वाटाण्याचं सूप आणतो आणि बायकोनं केलंय म्हणून सांगतो, खरं तर डबाबंद असतं. मी पेन्सिलीनं भिंतीच्या ओळींवर खुणा केल्या होत्या. म्हटलं, एवढ्याच वाच, वरून खाली. तो वाचायला लागला, आणि तिसऱ्याच ओळीवर थांबून म्हणाला, "हे सोळामध्ये टाकलंय का? हे सतरा आहे." मी बोटानं पुढची ओळ दाखवली. तो पुढं गेला. मग त्याचं बोट सावकाश झालं. शेवटच्या ओळीवर पोचल्यावर त्यानं चष्मा काढला आणि पुसला.

"हे सगळं एकाच घरातलं?"

"एकाच."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"कार्डावर होतं, वेंडेल. मागच्या बाजूला. प्रत्येक कार्डावर तुझी सही आहे."

"मी अर्थ बघत होतो गं." त्यानं यादी माझ्याकडे सरकवली. "लोक घरात असं बोलतात, ओदेत. आठशे वाक्यांतली अशीच निवडून लावलीस तर कुणाचंही घर असंच दिसेल. माझंसुद्धा."

"मी निवडलेली नाहीत. तारखेनं आली आहेत."

"मग काय करणार आहेस? पोलिसांकडे जाऊन काय सांगशील? क्रियापद सांगशील?" तो हसला, पण ते हसू त्याच्या चेहऱ्यावर धड बसलं नाही, आणि त्यानंच ते काढून घेतलं. मग हळूच म्हणाला, "ते नुसतेच दुसरीकडे राहायला गेले असतील. पॉइंट सेंट चार्ल्सला. ती आत्ता कपडे वाळत घालत असेल."

"चल तर मग, दोघं जाऊन विचारू."

त्यानं चष्मा घातला आणि सोळा नंबरचं कार्ड काढून सतरामध्ये ठेवलं. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. वर्षभर तेच तर केलं.

मी एकटी गेले, दुपारी, यादी पिशवीत घालून. पोलीस चौकीत गर्दी नव्हती. सार्जंट गिंग्रा म्हणून एक जाडसर माणूस होता, माझ्याच वयाचा, आवाज प्रेमळ. मला वाटलं होतं तो मला वेडी समजेल, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. त्यानं हात झटकावेत, मादाम, घरी जा, म्हणावं, आणि मी हलकी होऊन बाहेर पडावं. पण तो तसा नव्हता. त्यानं यादी टेबलावर पसरली, पट्टी घेतली, आणि एकेका ओळीखाली पट्टी ठेवत सगळं वाचलं. प्रत्येक वाक्याखालचं फ्रेंच भाषांतरही वाचलं. दोन मार्चपाशी तो जरा थांबला.

"हे फ्रेंच कुणी केलं?"

"मी."

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे मादाम, तुम्ही हे ऐकलंत आणि तिथल्या तिथं लिहून घेतलंत. तारीख घालून."

"हो."

"वेळसुद्धा."

"हो."

"आणि मग काय केलंत?"

"भाषांतर केलं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यात तिरस्कार नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं, आणि तो समजून घ्यायला बघत होता. मग त्यानं एक फॉर्म पुढं ओढला. हरवलेल्या व्यक्तीचा फॉर्म. पत्ता मी सांगितला. घरमालकाचं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव करारावर असेल, ते घरमालकाकडून मिळेल, तो म्हणाला. "बायकोचं आणि मुलीचं नाव करारावर नसतं. ती दोन्ही तुम्ही सांगा. वर्षभर ऐकत होतात म्हणजे हाका ऐकल्या असतील."

ऐकल्या होत्या. तो माणूस दर वाक्यात तिचं नाव घ्यायचा, दर वाक्यात. शांतपणे, आधी नाव आणि मग वाक्य. मुलीलाही हाक मारायचा. मी यादी माझ्याकडे ओढली आणि वरून खाली बघितली, जणू तिथं असेल. तिथं कसं असेल? कोशात विशेषनाम ठेवत नाहीत. उदाहरण कुणालाही लागू पडलं पाहिजे, म्हणून कार्ड लिहितानाच नाव गाळायचं आणि तिथं 'तू' किंवा 'ती' घालायचं. मी ते इतक्या वर्षांच्या सवयीनं करते की पेन्सिल कागदाला टेकायच्या आत नाव गळून गेलेलं असतं. मी डोळे मिटले, कान भिंतीला लावला, तो गार गिलावा मला लागलासुद्धा. त्याचा आवाज आला. कोट काढ. गोळ्या घे. फार वेळ लागणार नाही. वाक्यं सगळी आली, एकेक, काना-मात्रेचा फरक न होता. वाक्याच्या आधीची जागा तेवढी मोकळी होती.

"सावकाश आठवा, मादाम," सार्जंट म्हणाला. "पहिलं अक्षर आठवलं तरी चालेल."

त्यानं पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. मी त्या पेनाकडे बघत बसले. माझ्या तोंडात फक्त 'ती' येत होतं.